बिनबोभाट शिबिर: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

कायदेविषयक जनजागृती शिबिर भरवणे अवघड असते, असा गैरसमज या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांत फार आहे. शिबिरात अवघड काहीच नसते. अवघड असते ते शिबिरानंतरचे. आणि शिबिर नीट जमवले तर त्यानंतरचे काही उरतच नाही. पुढचे मार्गदर्शन लखनौ जिल्ह्यातल्या होतकरू शिबिरकारांसाठी लिहिले आहे, पण मराठी वाचकांनी ते परके मानू नये. लेखपालाच्या जागी तलाठी, खतौनीच्या जागी सातबारा आणि समोशाच्या जागी कांदेपोहे घातले की हेच तंत्र लातूरला चालते आणि गडचिरोलीलाही.

सुरुवातीलाच मनातली भीती काढून टाका. कायदा तुमच्याच बाजूचा आहे. १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने राज्यघटनेत कलम ३९-क आले: पैशाअभावी किंवा दुसऱ्या कुठल्या उणिवेमुळे कुणी न्यायाला मुकू नये, राज्याने मोफत विधी सहाय्य द्यावे. त्याला अनुसरून विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला १९८७ साली, आणि तो लागू व्हायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडले. कायदा मंजूर होऊन आठ वर्षे कपाटात. घाई करायची नाही, हा या क्षेत्राचा पहिला संस्कार तिथेच झाला.

मुहूर्त आणि मुक्काम

मुहूर्त वर्षात दोनच. एक ९ नोव्हेंबर, म्हणजे विधी सेवा दिन. दुसरा मार्चचा शेवटचा आठवडा. पहिल्यामागे तत्त्व आहे, दुसऱ्यामागे शिल्लक अनुदान.

जागा निवडताना गरज पाहू नये, रस्ता पाहावा. जिल्ह्यात पाच तहसिली आहेत: सदर, मलिहाबाद, बक्षी का तालाब, मोहनलालगंज आणि सरोजिनीनगर. सरोजिनीनगर कानपूर रस्त्यावर, विमानतळाच्या बाजूला. पाहुणे शिबिर उरकून दुपारच्या जेवणाला शहरात परत. माल हा विकासखंड मलिहाबादच्याही पलीकडे. तिथे जाऊ या असे कुणी सुचवले तर 'पुढच्या टप्प्यात' म्हणावे. जूनमध्ये मात्र मलिहाबादला पर्याय नाही. दशहरी आंबा उतरायला लागलेला असतो आणि प्रमुख पाहुणे स्वतःहून तारीख विचारतात. गावातली माणसे त्या दिवसांत बागेत नाहीतर मंडीत अडकलेली असल्यामुळे गर्दीही आटोक्यात राहते.

फ्लेक्स मोठा घ्यावा. मान्यवरांचे फोटो, नावे, पदे, त्याखाली 'न्याय सर्वांसाठी'. मोफत कायदेशीर मदतीचा देशभराचा क्रमांक १५१०० आहे. तो छापला नाही तर कुणीतरी बोट ठेवते, म्हणून छापावा, पण तळाशी उजव्या कोपऱ्यात. फ्लेक्सची दोरी तिथेच बांधतात.

अभ्यासक्रम

वक्त्याने सुरुवात काकोरीपासून करावी. लखनौत ही फार मोठी सोय आहे. ९ ऑगस्ट १९२५ ची रेल्वेवरची कारवाई, मग हजरतगंजातल्या रिंग थिएटरमध्ये चाललेला खटला, चार जणांना फाशी. श्रोत्यांत कुणी मराठी दिसले तर बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीच्या रामकृष्ण खत्रींनाही याच खटल्यात दहा वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे ते लखनौतच राहिले, हे सांगावे. टाळी हमखास पडते. रिंग थिएटरच्या जागी आज मुख्य टपाल कार्यालय आहे, इथपर्यंत येऊन थांबावे. त्या कार्यालयाच्या खिडकीवर मिळणारी एक चिटोरी पावती गरीब माणसाच्या किती उपयोगाची असते, हे सांगायच्या भरात मात्र पडू नये. का, ते पुढे येईल.

अभ्यासक्रमाचा नियम एकच आहे आणि तो पाठ करून ठेवावा. कायदा जितका उंचावरचा, तितका निर्धोक. घटना समिती, उद्देशिका, मूलभूत हक्क, न्यायपालिका आणि कार्यपालिका यांतला फरक, यांवर दोन तास बोलले तरी कुणाचे काही बिघडत नाही. कायदा जितका खिडकीजवळचा, तितका धोक्याचा. कुठला अर्ज, किती प्रती, कुणाच्या हातात द्यायचा, शिक्का कोण मारतो, नाही मारला तर कुठे जायचे. उंचावरचे ऐकून श्रोते भारावतात. खिडकीजवळचे ऐकले तर ते दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या दारात उभे राहतात.

महिलांसाठी विषय हवा असेल तर 'बापाच्या मिळकतीत मुलीचा समान वाटा' घ्यावा. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीवरच्या पुस्तिका सहज मिळतात आणि चित्रेही छान असतात. एकच पथ्य: समोर बसलेल्या बायकांच्या बापांकडे नेमकी कसली मिळकत आहे, हे विचारायचे नाही. ती बहुतेक शेतजमीन असते. आणि उत्तर प्रदेशातल्या शेतजमिनीचा वारसा त्या पुस्तिकेतल्या कायद्याने ठरत आलेला नाही. राज्याची स्वतंत्र महसूल संहिता आहे, २००६ ची. तिच्या कलम १०८ ने विधवा, मुलगे आणि अविवाहित मुली यांना वरच्या पायरीवर बसवले आणि लग्न झालेल्या मुलीला खालच्या. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे खरे वाटणार नाही. पुस्तिका घेऊन लेखपालाकडे वरासत, म्हणजे वारसनोंद, करायला गेलेल्या सासुरवाशिणीलाही वाटत नाही. लेखपाल पुस्तिका चाळतो, चित्रे बघतो, परत देतो. या प्रसंगात कायदा त्याला जास्त ठाऊक असतो, आणि शिबिरातून आलेल्या बाईला पुन्हा तोंड उघडायची हिंमत होत नाही. एवढे काम एका पुस्तिकेत होते.

हे राज्य तसे स्वतंत्र बाण्याचेच. अटकपूर्व जामीन देशभर मिळत होता. उत्तर प्रदेशाने १९७६ साली त्याचे कलम आपल्यापुरते काढून टाकले आणि परत आणले थेट २०१९ साली. मधली चार दशके इथे त्या कलमावर भाषण देणाऱ्याला कुणी हरकत घेतली नसती, कारण भाषणाचा आणि अर्जाचा संबंध जोडायचा नाही ही शिस्त सगळ्यांना ठाऊक असते. छापील साहित्याबाबतही काटकसर पाळावी. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन न्याय संहिता आणि नागरिक सुरक्षा संहिता आल्या, कलमांचे आकडे बदलले. जुन्या पुस्तिकांचा साठा आधी संपवावा.

ठाण्याचा विषय निघालाच तर

निघतोच. तेव्हा वक्त्याने 'ललिताकुमारी विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार' हा निकाल सांगावा. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी दिलेला: दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की ठाण्याने एफआयआर नोंदवलीच पाहिजे, मर्जीचा प्रश्न नाही. खटला याच राज्यातला. अल्पवयीन मुलीचे अपहरण झाले, बाप ठाण्यात गेला, ठाणे हलले नाही, तिथून सुरू झालेला. निकाल सांगावा, तारीख सांगावी, 'पाच न्यायमूर्ती' हे शब्द जरा जोरात म्हणावेत. इथवर काही धोका नाही.

धोका पुढच्या तपशिलात आहे. तो नवशिक्यांना ओळखता यावा आणि वेळीच टाळता यावा, एवढ्याच हेतूने इथे देतो.

ठाण्यात द्यायच्या लेखी तक्रारीला लखनौत 'तहरीर' म्हणतात. ती दोन प्रतींत लिहायची. एक ठाण्यात द्यायची, दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्यायची. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडली, हे कारण चालत नाही; नोंद करून मग तिकडे पाठवायचे काम ठाण्याचे. एफआयआर झाली की तिची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. ठाणे नोंदच घेत नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तक्रारीचा मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकाकडे पाठवायचा. तिथेही ढिम्म राहिले तर दंडाधिकाऱ्यापुढे अर्ज करायचा, सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचे. आणि वरिष्ठाकडे आधी गेलो होतो हे दाखवायचे. कशाने? टपालाच्या पावतीने. निर्भीड भाषण, पाच न्यायमूर्ती, घटनेची उद्देशिका, यांतले काही दंडाधिकाऱ्याच्या मेजावर ठेवता येत नाही. पावती ठेवता येते. ज्या जागी काकोरीचा खटला चालला तिथे ती मिळते, आणि तहसिलीच्या पोस्टातही मिळते.

हे सांगितले की संपले. पुढच्या आठवड्यात बायका पावत्या घेऊन येऊ लागतात.

सुदैवाने पत्त्याचा घोळ आपल्या मदतीला आहे. संहितेत लिहिले आहे 'पोलीस अधीक्षक'. लखनौत २०२० च्या जानेवारीत पोलीस आयुक्तालय आले. मलिहाबाद, माल, इटौंजा यांसारखी ग्रामीण ठाणी तेव्हा बाहेर ठेवून 'एसपी ग्रामीण' यांच्याकडे दिली होती. २०२२ साली तीही आयुक्तालयात घेतली. म्हणजे पाकिटावर आता आयुक्तांचे किंवा त्या विभागाच्या उपायुक्तांचे नाव हवे. तुमच्याकडच्या पत्रकावर अजून एसपी ग्रामीण असतील तर असू द्यावेत. तसेच 'रजिस्टर्ड पोस्टाने पाठवावे' हे वाक्यही राहू द्यावे. २०२५ साली ती सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, तेव्हा निदान एक फेरी तरी फुकट जाते. लखनौची 'पहले आप' ही तहजीब नवाबांबरोबर गेली असे म्हणणाऱ्यांनी एकदा जमिनीच्या भांडणातली तहरीर घेऊन फिरावे. ठाणे म्हणते पहले तहसील, तहसील म्हणते पहले ठाणे.

एखादी बाई उठून म्हणाली, 'दरोगाजी तहरीर ठेवून घेतात, शिक्का देत नाहीत,' तर वक्त्याने पोलीस आणि जनता यांच्यातील सुसंवाद या विषयाकडे वळावे. पण मुळात ही वेळ येऊ देऊ नये. चौकीच्या दरोगाजींनाच, म्हणजे फौजदारांनाच, प्रमुख पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत, पंख्याखाली बसवावे. असा प्रश्न मग येतच नाही. सगळ्या युक्त्यांत मी ही सर्वांत वर ठेवीन.

मागच्या रांगेतली बाई

श्रोते जमवायचे काम आशा आणि अंगणवाडीच्या ताईंकडे द्यावे. त्यांना नाही म्हणता येत नाही. काकोरी-मलिहाबादकडच्या गावांत बायका येतात त्या मांडीवर काम घेऊन. पांढऱ्या मलमलीच्या कुर्त्यावर छीप्याने लाकडी ठशाने निळी वेलबुट्टी उठवलेली असते. बाई त्या निळ्या रेघेवरून सुई नेत असते: पाकळीत तांदळाच्या आकाराची मुर्री, मधोमध बारीक गोल फंदा, पानाच्या कडेला टेपची. वक्ता न्यायालयांची उतरंड समजावून सांगतो तोवर एक फूल होते. मान वर होत नाही. दोरा संपला की तेवढ्यापुरती ती मंचाकडे बघते, सुई ओवते, परत खाली. फोटोच्या वेळी काम पिशवीत घालायला सांगावे, नाहीतर अहवालात त्या श्रोत्या वाटत नाहीत, कारागीर वाटतात.

यांच्यापैकीच एकजण, बहुधा मागच्या रांगेतली, वक्ता किमान वेतनावर आला की हात वर करते. एजंट म्हणतो टाके ढिले पडले, पैसे कापले, कुठे जाऊ?

या प्रश्नाशी खेळू नये. कापड शिवणारा वेगळा, ठसा मारणारा वेगळा. गावोगाव कुर्ते वाटणारा एजंट, त्याच्यावर आणखी एक एजंट. एकीने मुर्री भरायची, दुसरीने जाळी ओढायची, मग धोब्याकडे नीळ धुऊन जाते आणि कुर्ता चौकातल्या दुकानात काचेमागे लागतो. दुकानाला ही बाई माहीत नाही आणि बाईला दुकान माहीत नाही. किमान वेतनाचा दावा करायचा तर मालक दाखवावा लागतो. २००८ साली लखनौच्या या भरतकामाला, चिकनकारीला, भौगोलिक निर्देशांक मिळाला, म्हणजे कापडाची ओळख कायद्याने पक्की झाली. टाका घालणारीची व्हायची आहे.

एखादा आगाऊ वक्ता तिला सांगेल: वही कर. तारीख, किती कुर्ते, कुठले काम, ठरलेला दर, दिले किती, आणि शेजारी एजंटाची सही. सल्ला वाईट नाही. उद्या कुठेही जायचे झाले तर ती वही बोलेल. पण एजंट सही करत नाही. फार मागे लागले तर पुढच्या वेळी कुर्ते शेजारच्या घरी उतरवतो. चार-पाच घरांनी मिळून वही केली तर त्याला उतरवायला घर उरत नाही, हे खरे. पण ते शिबिरात होण्यासारखे नाही, त्याला त्या गावात महिनोन् महिने जावे लागते. या जागी माझ्याकडेही युक्ती नाही. विषय बदलून ई-श्रम कार्डाचे फायदे सांगावेत. कार्ड बहुतेकींकडे असते, त्यामुळे सगळ्या होकारार्थी माना हलवतात आणि तो फोटो चांगला येतो.

वकील मागितला तर

विधी सेवा कायद्याचे कलम १२ मोठे अडचणीचे आहे, कारण ते स्पष्ट आहे. बाई असेल तर तिला मोफत वकील मिळतो. तिची कमाई किती हा प्रश्नच नाही. मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार, आपत्तीत सापडलेले, कोठडीत असलेले, कुणालाच उत्पन्नाची अट नाही. अट आहे ती या यादीत न बसणाऱ्यांना. तेव्हा यादी वाचायची ती भराभर, एका दमात, आणि शेवटी 'ठरावीक मर्यादेहून कमी उत्पन्न असलेल्या व्यक्ती' या शब्दांवर थांबून पाण्याचा घोट घ्यायचा. ऐकणाऱ्यांच्या लक्षात तेवढेच राहते. मग कुणी विचारलेच तर तहसिलीतून आय प्रमाणपत्र, म्हणजे उत्पन्नाचा दाखला, आणायला सांगावे. तिला ते लागत नाही. पण ते आणायला जाण्यात चिकनकामाचे दोन दिवस बुडतात, आणि त्यानंतर बहुतेक प्रश्न आपोआप मिटतात.

मदतीत काय काय येते, याचीही वाच्यता नको. वकिलाची फी तर येतेच, पण कोर्ट फी, कागदपत्रे तयार करण्याचा आणि निकालाच्या नकला घेण्याचा खर्चही येतो. नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो, 'टायपिंगचे' म्हणूनसुद्धा. वकील लक्ष घालत नसेल तर प्राधिकरणाकडे अर्ज करून बदलून मागता येतो. यातले शेवटचे वाक्य ज्या शिबिरात उच्चारले गेले असे शिबिर अजून माझ्या कानावर आलेले नाही.

पत्ता विचारला तर 'कैसरबाग' एवढेच सांगावे. जिल्हा न्यायालय तिथे आहे, पूर्वी उच्च न्यायालयाचे लखनौ खंडपीठही तिथेच होते. २०१६ साली ते गोमतीनगरच्या विभूतीखंडात गेले. खेड्यातून येणाऱ्याला कुठल्या कोर्टाची तारीख आहे हे कागदावर वाचता आले नाही तर शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ई-रिक्षाचे भाडे पडते. कैसरबागेत काळ्या कोटांची, बस्त्यांची, टाइपरायटरांची आणि छोले-कुलचेवाल्यांची दाटी. त्याच कैसरबागेत भातखंड्यांचे संगीत महाविद्यालय, १९२६ साली निघालेले, आता विद्यापीठ झालेले. विष्णु नारायण भातखंडे स्वतः कायद्याचे पदवीधर. कराचीत थोडी वकिली करून त्यांनी ती सोडली. विलंबित लय शिकवायला याहून योग्य शेजार त्यांना मिळाला नसता.

लोकअदालतीबद्दल थोडक्यात. तिथला तडजोडीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. त्यातली पहिली आणि तिसरी गोष्ट सांगावी. निकाली प्रकरणांच्या आकड्याची काळजी नको. वाहतुकीची चलाने त्यात धरतात.

कुणापासून सावध राहावे

आपल्या क्षेत्रात काही घातकी परंपराही आहेत. लखनौतच १९९८ पासून 'आली' नावाची संस्था आहे, असोसिएशन फॉर अ‍ॅडव्होकसी अँड लीगल इनिशिएटिव्ज. ही मंडळी गावाकडच्या, फारशा न शिकलेल्या बायकांना केसवर्कर म्हणून तयार करतात. केसवर्कर भाषण करत नाही. ती दुसऱ्या बाईबरोबर ठाण्यात जाऊन बाकावर बसते. ऊठ म्हटले तरी बसते. त्याआधी 'महिला समाख्या'ने हाच उपद्व्याप केला होता. १९८९ साली उत्तर प्रदेशात सुरू झालेल्या या सरकारी कार्यक्रमातून काही जिल्ह्यांत नारी अदालती उभ्या राहिल्या, तहसिलीच्या किंवा ब्लॉकच्या आवारात चटई टाकून बायका बायकांची भांडणे ऐकायच्या, नवऱ्याला बोलावून घ्यायच्या, सुलहनाम्यावर अंगठा घ्यायच्या आणि पुढच्या महिन्यात तो पाळला का ते पाहायला घरी जायच्या. केंद्राने २०१६ साली पैसे थांबवले. शिबिरांचे पैसे कधी थांबल्याचे ऐकिवात नाही. यावरून कुठले मॉडेल टिकाऊ हे नवशिक्यांनी ओळखावे.

आपल्या महाराष्ट्राचे उदाहरण तर फारच वाईट. पत्रकार शीला बारसे यांनी १९८२ साली मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात पंधरा बायकांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यांतल्या पाचजणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले होते. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानले आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये आदेश दिला की अटक झालेल्या माणसाच्या हक्कांची पत्रके मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापा, राज्यातल्या प्रत्येक कोठडीच्या प्रत्येक खोलीत चिकटवा, आणि माणूस ठाण्यात आणल्याबरोबर त्याला समजेल त्या भाषेत वाचून दाखवा. विचार करा. पत्रक जिथे लागते तिथेच लावायचे, ज्याला लागते त्यालाच, लागते त्याच क्षणी वाचून दाखवायचे. ही कल्पना रुजली असती तर तंबू, फ्लेक्स आणि समोसे यांचे काय झाले असते! लखनौच्या किंवा मुंबईच्या कुठल्याही ठाण्यात जायचा योग आला तर भिंतीवर असे पत्रक दिसते का ते जरूर बघावे, आणि निश्चिंत व्हावे.

विधी प्राधिकरणाचे स्वतःचे पॅरालीगल स्वयंसेवक असतात. हल्ली त्यांना 'अधिकार मित्र' म्हणतात. शिक्षक, अंगणवाडीताई, कायद्याचे विद्यार्थी, इतकेच काय तर चांगल्या वर्तणुकीचे दीर्घ शिक्षेचे कैदीही यात घेता येतात. अर्ज लिहून देणे आणि माणसाला योग्य कचेरीपर्यंत नेणे, हे त्यांचे काम. यांतला एखादा उत्साही निघाला तर तो केसवर्करच्या वाटेने जाऊ शकतो. त्याला सकाळी सातलाच बोलावून खुर्च्या मांडायला द्याव्यात.

अहवाल

अहवाल त्याच संध्याकाळी पाठवावा. उपस्थितीच्या रजिस्टरवर सह्या, अंगठे आणि मोबाइल क्रमांक. फोटो चार, जागा आणि वेळ उमटणारे: दीपप्रज्वलन, मंच, श्रोते, पुस्तिकावाटप. 'लाभार्थी' या रकान्यात रजिस्टरची बेरीज लिहायची. समोसे किती उडाले त्यावरून ती पडताळता येते. मोबाइल क्रमांक घेतलेच आहेत तर महिन्याभराने दहाजणींना फोन करून 'शिक्का मिळाला का' असे विचारता येईल, अशी सूचना कधीकधी एखादा प्रशिक्षणार्थी करतो. नमुन्यात त्यासाठी रकाना नाही, हे त्याला दाखवावे.

एवढे सगळे करूनही एखादे वर्ष असे येते की कुठल्यातरी गावात एक बाई निपजतेच. कुणी शिकवले कळत नाही, पण तहरीर दोन प्रतींत लिहिते, पोस्टाची पावती पदराच्या गाठीला ठेवते, दंडाधिकाऱ्याकडून आदेश आणते. मग तिच्या ओट्यावर आजूबाजूच्या बायका कागद घेऊन बसू लागतात. घाबरून जाऊ नये, तिला विरोध तर मुळीच करू नये. तिचा सत्कार करावा. ९ नोव्हेंबरला तिला मंचावर, दरोगाजींच्या शेजारच्या खुर्चीत बसवावे. शाल, श्रीफळ, मानपत्र, दोन मिनिटे मनोगत. मानपत्र शुद्ध हिंदीत असावे. कार्यक्रम संपताच बायका तिच्याभोवती गोळा होतील. त्याआधी तिला पाहुण्यांच्या गाडीत बसवून घरी पोहोचते करावे. गाडीचा खर्च 'प्रवास व किरकोळ' या शीर्षाखाली टाकता येतो.